कानावर रोज दहा मिनिटं: यातून हवामान कळतं, की कळल्यासारखं वाटतं?

खाडीकाठ (धागाकर्ता)
विज्ञान, समाज, हवामान यांतली एकेक मोठी कल्पना घेऊन रोज एक छोटं भाषण ऐकवायचं, हा प्रकार इंग्रजीत चांगलाच रुळलाय. ठाणे-नवी मुंबईच्या श्रोत्यांसाठी मराठीत असं काही करावं का, आणि करायचं तर रोज की आठवड्यातून एकदा, यासाठी हा धागा.

माझं मत आधीच सांगतो: रोज, दहा मिनिटं, आणि उदाहरण घराजवळचं. ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने वाशी गाठायला अर्धा तास जातो. त्या गर्दीत पुस्तक उघडता येत नाही, कान मात्र मोकळे असतात. ऐकून शिकणं आपल्याला परकं नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे, ठाण्यात जानेवारीत म्हाळगी व्याख्यानमाला असते. नीट समजेल असं मराठी बोलायचं तर मिनिटाला साधारण १२० शब्द होतात, म्हणजे दहा मिनिटांत १२००. तेवढ्यात एकच कार्यकारणभाव मावतो, आणि मला तेच हवंय.

नौपाडा_वाचक
साफ असहमत. सफाईदार बोलणं ऐकलं की कळल्यासारखं वाटतं, अडचण तिथेच आहे. छापील मजकुरात वाक्य अडलं तर डोळा आपोआप मागे जातो. भाषण पुढे निघून जातं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग बघा. उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर लक्षात राहण्याची खात्री जास्त होती. प्रत्यक्षात जास्त आठवलं ते ज्यांनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिलं त्यांना. रोज नवा विषय म्हणजे आठवायला जागाच ठेवायची नाही. सोमवारी समुद्राची पातळी, मंगळवारी मेंदू, बुधवारी शहरीकरण. शनिवारी विचारा, काय उरलं ते.

माझा पर्याय: आठवड्यातून एकच भाषण, चाळीस मिनिटांचं, सोबत एक पानभर नकाशा किंवा आकृती.

पाणीनिचरा
मी खाडीकाठ यांच्या बाजूने. नवी मुंबईतले धारण तलाव घ्या, म्हणजे कानाला काय पेलतं ते दिसेल.

वाशी, सानपाडा, बेलापूर या भागांतली बरीच जमीन खाजणात भराव घालून केलेली, आणि ती मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून नाले थेट खाडीत न सोडता आधी तलावात सोडले. तलाव आणि खाडी यांच्यामध्ये वरून बिजागरीवर लटकणारी झडप असते, ती फक्त खाडीकडे उघडते. भरतीला बाहेरचं पाणी चढतं आणि झडप दाबून बंद करतं. तेवढा वेळ शहरातलं पावसाचं पाणी तलावात साठतं. साधारण सहा तासांनी ओहोटी लागली की आतलं पाणी वरचढ होतं, झडप ढकलतं आणि निघून जातं. वीज नाही, पंप नाही.

आता बिघडतं कुठे? एक चौरस किलोमीटर वस्तीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि काँक्रीटमुळे जवळपास सगळा वाहून आला, तर १ लाख घनमीटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे दहा हजार टँकर. पाच हेक्टरचा, दोन मीटर खोल तलाव ते बरोबर पोटात घेतो. त्यात एक मीटर गाळ बसला की पाच हजार टँकर पाणी रस्त्यावर. शिवाय झडपेच्या ओठात थर्माकोलचा तुकडा किंवा ओंडका अडकला, तर ती पुरती मिटत नाही आणि भरतीचं खारं पाणी उलट आत येतं. गाळ आणि खारं पाणी एकत्र आलं की तिथे खारफुटी रुजते. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर खारफुटी तोडायची तर सार्वजनिक हित दाखवून न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते, म्हणून गाळ काढणं अडतं. आणि खारफुटीही हवीच आहे, किनारा तीच धरून ठेवते.

हे सगळं आकृतीशिवाय सांगितलं. झडप हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर झडप येते.

नौपाडा_वाचक
सुरेख सांगितलंत, पण मी ते वाचलं. 'पाच हेक्टर, दोन मीटर' इथे थांबून मनात गुणाकार केला. लोकलमध्ये उभ्या माणसाला 'घनमीटर' ऐकून ते जमणार नाही.

आकड्यांचं तर दर पावसाळ्यात दिसतं. बातमी येते, 'आज ४.८ मीटर उंचीच्या लाटा'. तो आकडा लाटांचा नसतोच, भरतीच्या पातळीचा असतो आणि तो सागरी नकाशाच्या शून्यापासून, म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजतात. मुंबईत समुद्राची सरासरी पातळीच त्या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे ४.८ ची भरती सरासरीपेक्षा साधारण सव्वादोन मीटर चढते, तीही लाट म्हणून उसळून नव्हे, संथपणे. वर्षानुवर्षं ऐकून लोकांच्या डोक्यात दुमजली लाट बसली आहे. इंग्रजीवरून घाईत उतरवलेल्या मजकुरात तर बिलियनचं कोटी होतं. बिलियन म्हणजे अब्ज, शंभर कोटी. एका शब्दात शंभर पटींचा घोळ, आणि ऐकणाऱ्याला तो पकडायला कागदही हातात नाही.

उन्हातलं_काम
आकडे कानाला पेलत नाहीत हे सरसकट मान्य नाही. दोन शहरं आणि दोन आकडे घ्या. नागपूरला ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के. ठाण्यात ३४ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के. तापमापकाला ओलं फडकं गुंडाळलं तर नागपूरला तो २३ च्या आसपास उतरतो, ठाण्यात ३० वर अडतो. घाम अंगाला थंड करतो तो याच मार्गाने, म्हणून इथे घाम निथळतो पण वाळत नाही. आधी ओल्या फडक्याच्या या आकड्याची माणसाला सोसणारी मर्यादा ३५ मानायचे. तरुण, निरोगी माणसांवरच्या अलीकडच्या प्रयोगांत ३१ च्या आसपासच शरीराचं तापमान आवरेनासं होऊ लागलं. कोरडं ४४ सुरक्षित आहे असं नाही, पण नुसतं तापमान बघून ठाणे-नवी मुंबईचा धोका कळत नाही. खारघरला एप्रिल २०२३ मध्ये उघड्या मैदानावर उष्माघाताने माणसं गेली तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता.

माझी हरकत वेगळी आहे. 'मोठी कल्पना' सांगताना माणूस गळून पडतो. उन्हाचा विषय एसी डब्यातल्या श्रोत्याचा आहे तसाच तो स्लॅब भरणाऱ्याचा, नाक्यावर कामाची वाट बघणाऱ्याचा आणि पत्र्याच्या शेडखाली पॅकिंग करणाऱ्या बाईचा आहे. त्यांना मोठ्या कल्पनेआधी हे सांगा: कामाला येण्याआधी पाणी प्या, तहान लागेपर्यंत थांबू नका, बारा ते चार जड काम टाळा, सोबतचा माणूस बरळायला लागला किंवा त्याची शुद्ध हरपू लागली तर १०८ ला फोन करा, सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता आणि वारा घाला. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नका. मग उरलेल्या सात मिनिटांत हवामानबदल खुशाल सांगा.

ध्वनीमुद्रक
चर्चा मजकुराची चालली आहे, पण गाडीत ऐकूच आलं नाही तर सगळं वाया. लोकलचा घरघराट खालच्या पट्टीत असतो, त्यात भारदस्त खर्जातला आवाज बुडतो. म्हणून ८० हर्ट्झच्या खालचं कापून टाका आणि हळू-मोठ्या आवाजातलं अंतर दाबून कमी करा. वाक्याच्या शेवटी आवाज खाली टाकायची आपली सवय इथे घातक: मराठीत क्रियापद शेवटी, म्हणजे 'आहे' की 'नाही' तेच ऐकू येत नाही. माईक तोंडापासून एक वीत लांब आणि जरा तिरका ठेवा, नाहीतर प, फ, भ थडाथड आपटतात. पंखा बंद. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर असेल तर खोलीचा घुमारा जातो. एकच वाहिनी (मोनो), ६४ केबीपीएस ठेवली तर दहा मिनिटांची फाइल ४.८ एमबी होते; मोबाइल डेटावर चालते. आवाज मुळातच नीट असेल तर श्रोता तो फार वाढवत नाही. ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. त्यावर गेलात की तास झपाट्याने घटतात.

रोज की आठवड्याने, यात मी नौपाडा_वाचक यांच्याकडे झुकतो. १२०० शब्द लिहायला एक दिवस, प्रत्येक आकडा तपासायला दुसरा, बोलून संपादित करायला तिसरा. रोज द्यायचं ठरवलं की तपासणीचा दिवस पहिला कापला जातो.

खाडीकाठ
तपासणीचा मुद्दा मला खोडता येत नाही. म्हणून बदल सुचवतो: रोज, पण आठवडाभर एकच विषय. सहा भाग महिनाभर आधी लिहून, तपासून तयार. मंगळवारपासून प्रत्येक भागाची सुरुवात कालच्या प्रश्नाने, मग पाच सेकंद शांतता, मग उत्तर. म्हणजे आठवून बघणं आलं. एका भागात दोनच आकडे. धारण तलावाच्या पहिल्या भागाची सुरुवात अशी:

'आज दुपारी खाडीत ४.८ मीटरची भरती आहे. त्याच वेळी पाऊस पडला तर वाशीतलं पाणी खाडीत जाऊ शकणार नाही. ते अडवणारी वस्तू एका दारासारखी आहे. ते दार बंद होणं ही चूक नाही, त्याचं कामच ते आहे.'

नौपाडा_वाचक
पाच सेकंदांची शांतता आवडली. पण आठवड्याला एकच विषय म्हटल्यावर तुमचं रोजचं भाषण म्हणजे माझं आठवड्याचं एकच भाषण, सहा तुकड्यांत. आकृतीचं पान मी सोडत नाही; सोमवारी सकाळी फाइलसोबत जायला हवं. आणि ४.८ हा आकडा पहिल्या वाक्यात नको, लोक पुन्हा लाटच ऐकतील.

पाणीनिचरा
आकडा काढा, त्याला माझीही हरकत नाही. 'आज दुपारी'ही काढा. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते आणि भाग महिनाभर आधी तयार होणार. 'अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, दुपारच्या उधाणाला' असं म्हणा, ते कुठल्याही महिन्यात खरं राहील. दार कुठल्या बाजूला उघडतं हे मात्र पहिल्याच मिनिटात, दोनदा सांगा.