शब्दचर्चा: परमिट रूममधलं परमिट नेमकं कुणाचं?

भाचा बंगळुरात वाढला. मराठी छान बोलतो, वाचताना मात्र अडखळतो. नोकरीसाठी मुंबईत आल्यापासून त्याला पाट्या वाचायचा नाद लागलाय. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन दुकानांच्या पाट्या देवनागरीत, त्याही इतर लिपींपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत, सक्तीच्या झाल्या. माझ्या मते त्यात लिपी तेवढी बदलली, शब्द होते तेच राहिले. पण या पोराला आयता अभ्यास मिळाला.

शनिवारी संध्याकाळी दादरहून माटुंग्याकडे चालत निघालो होतो. एका पाटीसमोर थांबला. "प-र-मि-ट रूम. मामा, परमिट कुणाचं?"

म्हटलं, हॉटेलवाल्याचं. दारू विकायचं.

"मग मेडिकलवर का नाही लिहीत परमिट रूम? औषधं विकायलाही परवाना लागतोच की."

गप्प बसलो. पुढे माटुंग्यात स्टेशनाजवळ रामा नायकांच्या 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग'मध्ये जेवलो. १९४२ पासून चालू आहे, केळीचं पान, रांगेत बसून वाट बघणं, सगळं तसंच. हात धुताना दुसरा प्रश्न आला: "इथे राहतं कोण? बोर्डिंग लिहिलंय ना?"

दोन्ही प्रश्न इथे टाकतोय. जाणकारांनी उजेड पाडावा.

०००

पहिल्याचं उत्तर देतो. बारा वर्षं एका बारचे हिशेब लिहिले आहेत, हक्काने बोलतो.

भाच्याचं बरोबर, तुमचं चूक. सरकारी मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. दुकानाला मिळते ती 'अनुज्ञप्ती'. बारची असते ती 'एफएल-३ अनुज्ञप्ती'. 'परवाना' असतो पिणाऱ्याचा. परमिट रूम म्हणजे परवाना असलेली खोली नव्हे, परवानाधारकांनी बसायची खोली.

मुळात कायद्याचं नावच बघा. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. आता 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आलं, 'दारूबंदी' कायम आहे. म्हणजे राज्यातला प्रत्येक बार आजही दारूबंदीच्या कायद्याखाली चालतो. १९५० पासून शहरात पूर्ण बंदी होती. प्रकृतीच्या कारणासाठी डॉक्टरांचा दाखला जोडून परवाना मिळायचा, आणि तो असलेल्यांसाठी हॉटेलात वेगळी खोली. बाकीचे आंटीकडे जायचे. ('आंटी' हाही शब्द नोंदवून ठेवा. आधी बाई, मग तिचं घर, मग कुठलाही हातभट्टीचा अड्डा.) साठच्या दशकात बंदी सैल होत गेली, पण खोलीचं नाव काही गेलं नाही.

आणि परवानाही गेलेला नाही. एक दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजीवन मिळतो. आमच्या गल्ल्याखाली एक दिवसाच्या परवान्यांची पुस्तकं पडलेली असायची. तपासणी आली की माझं काम वाढायचं, कारण संध्याकाळभर 'बसलेल्या' सगळ्यांचे परवाने त्या पुस्तकात असायला हवेत. गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत नसायचं. 'परवाना आहे का' असं मी कुणाला विचारलं असतं तर त्याला वाटलं असतं गाडीचा मागतोय.

जाता जाता: त्या अनुज्ञप्तीत 'एफएल' म्हणजे फॉरेन लिकर. महाराष्ट्रात गाळलेली रम इथे 'विदेशी मद्य' असते. पूर्ण नाव 'भारतीय बनावटीचे विदेशी मद्य'. इतका सरळ चेहरा ठेवून केलेला विनोद मराठीत दुसरा नसेल.

०००

वा! 'अनुज्ञप्ती' आणि 'परवाना' मी आजवर एकच समजत होते.

बोर्डिंगबद्दल: चूक पाटीची नाही, आपली आहे. इंग्रजीत बोर्ड म्हणजे फळी, मग टेबल, मग टेबलावरचं जेवण. 'बोर्डिंग अँड लॉजिंग'मधलं बोर्डिंग म्हणजे जेवण, लॉजिंग म्हणजे राहणं. तेव्हा नुसती जेवणाची सोय असलेल्या जागेने 'बोर्डिंग' म्हणणं अगदी काटेकोर आहे. आपला गोंधळ झाला तो वसतिगृहांमुळे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, त्यामागून एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली, आणि बोर्डिंगात राहणं म्हणजे शिकायला गावाबाहेर असणं हा अर्थ घट्ट झाला. माझे आजोबा 'बोर्डिंगात होतो' म्हणायचे तेव्हा डोळ्यांपुढे खाट यायची, पान नाही.

मुंबईतल्या जुन्या जेवणघरांनी हा शब्दांचा खेळ फार केलाय. काळबादेवीला 'फ्रेंड्स युनियन जोशी क्लब' आहे. सभासद कुणी नाही, गुजराती थाळी मिळते. गिरगावात ठाकुरद्वारला 'विनय हेल्थ होम' आहे, तिथे मिसळ खायला जातात. 'लंच होम' रात्री मासळीसाठी भरलेलं असतं. मला वाटतं यातल्या 'होम'ला खरा अर्थ होता. एकटा पुरुष गाव सोडून गिरणीत, बंदरात, कचेरीत आला. बाहेर जेवणं म्हणजे जरा लाजच. मग जागेनेच सांगायचं, हे घर आहे. मराठीत तेच काम 'खानावळ' करायची. गिरणगावातल्या खानावळी बाया आपल्या खोलीतच चालवायच्या, तिथे पाटी नसायचीच. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांना सावकाराच्या हातून सोडवायला.

आणि कृपा करून कुणीतरी शहरभरची 'उपहारगृहं' दुरुस्त करा. उप + आहार = उपाहार, म्हणजे अल्पाहार. उपहार म्हणजे भेटवस्तू. काना खाल्लाय, तोही खाण्याच्या दुकानाने.

०००

>> संध्याकाळभर 'बसलेल्या'

या अवतरणचिन्हांवर वेगळी चर्चा व्हायला हवी. मराठीत दारू 'पितात' ती बदनाम माणसं. आपण 'बसतो'. "शुक्रवारी बसायचं का?" यात कुठे, कशाला, काही नाही, तरी समोरच्याला सगळं कळतं. संस्थांच्या कार्यक्रमानंतरचा 'श्रमपरिहार' त्याच जातीतला. आमच्या सोसायटीत एका नव्या सभासदाने श्रमपरिहाराला चिवडा आणि पेढे आणले होते, त्याचा चेहरा अजून आठवतो.

माझी शंका चखण्याबद्दल आहे. मराठी क्रियापद 'चाखणे'. त्यावरून व्हायचं तर 'चाखणा' झालं असतं. 'चखणा'मधला ऱ्हस्व च हिंदी 'चखना'चा, आणि ण आपण लावलेला. म्हणजे परक्या पोराला घरचं आडनाव. खरं तर आपल्याकडे 'तोंडीलावणं' असा अस्सल शब्द पडून आहे. मी एकदा हट्टाने वेटरला विचारलं, "तोंडी लावायला काय आहे?" त्याने लोणचं आणून ठेवलं. शेजारच्या टेबलावर उकडलेले शेंगदाणे, काकडी, चणे. तेव्हापासून मुकाट्याने चखणा म्हणतो.

०००

'पार्सल' राहिलं. पोस्टाचं पार्सल दुसऱ्या गावाला जातं, हॉटेलचं आपल्याच घरी. आणि 'राइसप्लेट'मध्ये चपात्या आधी येतात.

०००

बारवाले शब्द झाले असतील तर शनिवार-रविवारच्या खादाडीकडे वळू या. 'वीकेंड'ला वर्तमानपत्रं 'सप्ताहांत' लिहितात. लेखनात ठीक आहे, पण माझ्या कानाला तो शब्द भलतीकडे नेतो. मी वारकरी घरातली. आमच्याकडे सप्ताह म्हणजे अखंड हरिनाम सप्ताह, आणि सप्ताहाच्या अंती असतं काल्याचं कीर्तन आणि मग गावजेवण. चुलवणावर कढया, पत्रावळी, वाढणाऱ्यांची पळापळ. 'सप्ताहांताचा खाद्यमहोत्सव' वाचलं की मला बीकेसीतले मांडव दिसतच नाहीत, बुंदी दिसते.

'महोत्सव' तर आता मिसळीपासून आंब्यापर्यंत सगळ्याला लागतो, त्याचा कस गेला. त्या मानाने उपनगरांत थंडीच्या दिवसांत होणाऱ्या मालवणी 'जत्रोत्सवां'चा शब्द मला आवडतो. व्याकरणाचे मास्तर नाक मुरडतील, कारण 'जत्रा' हे 'यात्रा'चं घरगुती रूप आणि त्याला संस्कृत थाटाची संधी लावलीय. पण हा शब्द मुंबईच्या आयोजकांनी बनवलेला नाही. सिंधुदुर्गात देवळांच्या वार्षिक उत्सवाला असंच म्हणतात. शहरातल्या जत्रोत्सवात कोंबडी-वडे खाऊन झाले की रात्री दशावतार असतो, आणि घरी जाताना हातात खाज्याचा पुडा. मंडपात देव नसतो एवढाच काय तो फरक.

'खाऊगल्ली' हा मात्र या शहराने घडवलेला उत्तम शब्द. झवेरी बाजार म्हणा, घाटकोपर म्हणा, कुठेही चालतो. खाऊ म्हणजे पोरांना देतात तो. आजी पाकिटातून काढते, शाळेच्या सहलीला नेतात. चाळीस वर्षांचा माणूस रस्त्यावर उभा राहून डोसा खातोय, त्याला हा शब्द दहा वर्षांचा करतो. 'लाचखाऊ', 'भावखाऊ'मधला खाऊ वेगळा, तो खाणारा. पण गर्दीत शिरल्यावर वाटतं, या गल्लीला तोही अर्थ लागतो.

०००

धागाकर्ता परत हजर. भाच्याला सगळं वाचून दाखवलं. 'अनुज्ञप्ती' त्याला तिसऱ्या प्रयत्नात म्हणता आलं.

काल त्याच परमिट रूममध्ये (वय सव्वीस आहे, काळजी नसावी) 'बसलो'. वेटर काउंटरकडे बघून ओरडला, "दोन नाइंटी!" भाच्याने लगेच विचारलं, नव्वदच का? म्हटलं, क्वार्टर १८० मिलीची, तिची अर्धी नव्वद. बोलता बोलता मलाच काहीतरी आठवलं.

माझी आजी वाण्याकडे पाठवताना 'नवटाक चहापूड' सांगायची. नवटाक म्हणजे नऊ टांक, शेराचा आठवा भाग, म्हणजे पावशेराचा अर्धा. दारूच्या गुत्त्यावरही हेच माप तोंडी होतं. 'नवटाक मारून आला' हे आमच्या चाळीत रोजचं वाक्य. १९५६ च्या कायद्याने शेर गेले, दशमान आलं, पण आजीच्या तोंडी नवटाक शेवटपर्यंत राहिलं. आता मांडून बघा. क्वार्टर म्हणजे पाव. पावाचा अर्धा तेव्हा नवटाक, आज नाइंटी. दोन्हींच्या तोंडी नऊ. व्युत्पत्तीचा काडीचा संबंध नाही, निव्वळ योगायोग आहे, हे मलाही कळतं. तरी पहिला घोट घेईपर्यंत आजीचाच हिशेब डोक्यात होता.

विदर्भ-मराठवाड्यात १८० ला काय म्हणतात? तिकडेही क्वार्टरच का?

०००

नागपूरकडे पव्वा. क्वार्टर म्हणाल तर लोक अजनीला पाठवतील, रेल्वेचे आहेत तिथे.