घुसखोर, घरफोडी आणि एक ठराव: गुन्ह्याचे प्रमाण काढायचे कसे?

सिंहगड रस्ता :
दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतील दोन बंद सदनिका फुटल्या. त्यानंतरच्या विशेष सभेत असा ठराव आला की शेजारच्या बांधकामावरील ‘बांगलादेशी’ मजुरांची आपल्या आवारातून जाणारी वाट बंद करावी आणि बाहेरच्या कामगारांना एकही सदनिका भाड्याने देऊ नये. ते बांगलादेशी आहेत हे कोणाला ठाऊक आहे, असे सचिव या नात्याने मी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, “बोलण्यावरून कळते की.” चोर अद्याप सापडलेले नाहीत, हे जाता जाता सांगून ठेवतो.

सभेत ‘घुसखोरांमुळे गुन्हेगारी वाढली’ हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले की मी घरी येऊन आकडे पाहू लागलो. गुन्ह्याचे प्रमाण हा शेवटी भागाकार असतो, आणि इथे छेदच, म्हणजे घुसखोर एकूण किती हेच, कोणाला ठाऊक नाही. 2004 साली तत्कालीन गृहराज्यमंत्री श्रीप्रकाश जयस्वाल यांनी राज्यसभेत बेकायदा बांगलादेशींची संख्या सुमारे 1 कोटी 20 लाख सांगितली आणि थोड्याच दिवसांत तो आकडा विश्वासार्ह नसल्याचे म्हटले. 2016 मध्ये किरेन रिजिजू यांनी सुमारे 2 कोटी सांगितली. 2001 च्या जनगणनेत मात्र पूर्वी बांगलादेशात राहिलेले, म्हणजे फाळणीनंतर आलेले निर्वासितही धरून, सुमारे 31 लाखच लोक होते. छेद असा सहापटीने हलत असेल तर भागाकाराला अर्थ काय उरतो? अंशाचेही तसेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात परदेशी नागरिकांवरील जे गुन्हे दिसतात, त्यांतील मोठा वाटा 2025 पर्यंत लागू असलेल्या परकीय नागरिक कायद्याखालचा असे. बेकायदा राहणे हाच तिथे गुन्हा असे. त्यात घरफोडी शोधू नये.

पेठकर :
सचिवसाहेब, आपला भागाकार बरोबर आहे, पण प्रश्नच चुकीचा निवडला आहे. या देशात असण्याचा ज्याला अधिकार नाही, त्याने केलेला प्रत्येक गुन्हा हा टाळता येण्याजोगा गुन्हा होता. तो स्थानिकांपेक्षा शेकडा किती कमी किंवा जास्त गुन्हे करतो, हे ज्याचे घर फुटले त्याच्या दृष्टीने गौण आहे. दुसरे, खोट्या नावाने राहणाऱ्याचा माग काढता येत नाही. जानेवारी 2025 मध्ये वांद्र्यात एका अभिनेत्यावर घरात शिरून चाकूहल्ला झाला, तेव्हा पकडलेला संशयित बांगलादेशातून आलेला असून नाव बदलून राहत होता, असे मुंबई पोलिसांनी सांगितले. ही अडचण कोणत्या तक्त्यात मांडणार?

आणि बाहेरचे आकडे हवेच असतील तर जर्मनीचे घ्या. 2023 च्या पोलीस आकडेवारीत, वास्तव्याच्या कायद्याखालील गुन्हे वगळूनही, संशयितांपैकी सुमारे 34 टक्के बिगरजर्मन होते. लोकसंख्येत त्यांचा वाटा 15 टक्क्यांच्या आसपास आहे. स्वीडनच्या गुन्हे प्रतिबंध परिषदेने 2021 मध्ये दिलेल्या अहवालातही परदेशात जन्मलेल्यांचे संशयित म्हणून नोंदले जाण्याचे प्रमाण, स्वीडिश आईबापांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांच्या सुमारे अडीचपट आहे.

सिंहगड रस्ता :
जर्मनीचा आकडा मान्य आहे, परंतु त्यातील संशयितांत पर्यटक आणि सीमेपलीकडून येऊन गुन्हा करून परत जाणारेही मोजले जातात. ते लोकसंख्येत मात्र नसतात. म्हणजे तिथेही छेद आखूडच पडतो. शिवाय ती मंडळी बहुतांशी कायदेशीर रहिवासी आहेत आणि त्यांत तरुण पुरुषांचे प्रमाण अधिक आहे. बेकायदा स्थलांतरितांपुरता हिशेब अमेरिकेतील टेक्सास राज्यात मांडता येतो, कारण तिथे अटकेनंतर बोटांचे ठसे केंद्रीय यंत्रणेकडे जाऊन वास्तव्याचा दर्जा नोंदला जातो. 2012 ते 2018 या काळातील तेथील अटकांचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यात गंभीर गुन्ह्यांसाठी बेकायदा स्थलांतरितांना अटक होण्याचे प्रमाण तिथेच जन्मलेल्या नागरिकांपेक्षा कमी आढळले. टेक्सास म्हणजे पुणे नव्हे, हे मीच आधी म्हणून टाकतो.

गिलावा :
मी बाणेर-बालेवाडीकडच्या बांधकामांवर बारा वर्षे साइट इंजिनिअर होतो, म्हणून ‘बोलण्यावरून कळते’ यावर लिहितो. सळई बांधणारे आणि गिलावा करणारे आमचे निम्मेअधिक लोक मालदा आणि मुर्शिदाबादचे होते. पद्मेच्या अलीकडची आणि पलीकडची बोली इतकी जवळची आहे की ती ऐकून नागरिकत्व सांगणे मला कधी जमले नाही. मुकादमाजवळ एका प्लास्टिकच्या पिशवीत सगळ्यांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स असत आणि त्यांतील बऱ्याच कार्डांवर जन्मतारीख 1 जानेवारी. एका पर्यवेक्षकाला ती खोटेपणाची खूण वाटली होती. नुसते जन्मसाल माहीत असले की अशी तारीख पडते, आणि माझ्या आजीच्या कार्डावरही तीच आहे. त्यांपैकी एक पोरगा आजोबांच्या नावाचा जमिनीचा कागद लॅमिनेट करून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवत असे. कोणी विचारण्याआधीच तो काढून दाखवायचा.

जून 2025 मध्ये मुंबई परिसरातून पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर सीमेपलीकडे पाठवले गेले आणि भारतीय असल्याचे स्पष्ट झाल्यावर परत आणावे लागले, ही बातमी वाचली तेव्हा मला तो लॅमिनेट केलेला कागद आठवला. अर्थात, त्या पिशवीतील सगळ्याच झेरॉक्स खऱ्या होत्या असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, आणि ठेकेदाराला तपासणीत रस नव्हता. कागद नसलेला माणूस मजुरी कमी घेतो आणि बुडवली तरी चौकीत जात नाही.

पेठकर :
मग तुम्ही माझेच म्हणणे सिद्ध केलेत. तपासणी होत नाही, हीच तर तक्रार आहे. आसामात 1983 च्या कायद्याने परकीयत्व सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर टाकला आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करेपर्यंत बावीस वर्षे गेली. पुण्यात तसे होऊ द्यायचे नसेल तर आजच कडक व्हायला हवे.

रास्ता पेठ :
कडक कोणाशी व्हायचे, एवढे आधी ठरवा. आसामातच 2019 च्या नागरिक नोंदवहीतून (एनआरसी) 19 लाखांहून अधिक लोक वगळले गेले आणि ती यादी तिथल्या सरकारलाही मान्य झाली नाही. पुण्यात बुधवार पेठेतील वेश्यावस्तीत छापे पडतात तेव्हा फसवून आणलेल्या बांगलादेशी मुलीही सापडतात. तस्करीच्या बळी ठरलेल्या अशा स्त्रियांवर परकीय नागरिक कायद्याखाली खटले भरू नयेत, असे केंद्रीय गृह मंत्रालयाने 2012 मध्येच राज्यांना कळवले आहे. तरीही ज्यांच्यावर गुन्हा नोंदला जातो, त्या आपल्या तक्त्यात ‘गुन्हेगार परदेशी’ म्हणून मोजल्या जाणार. शिवाय जन्मावरून चोर ठरवण्याचा प्रयोग आपल्याकडे होऊन गेला आहे. 1871 पासूनचा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की आजही पारध्यांच्या पालावर आधी जातात.

पेठकर :
पारधी इथलेच आहेत, वहिनी. ही तुलना मला पटत नाही. तस्करीच्या मुलींबाबतचे म्हणणे मात्र मान्य आहे. सचिवसाहेब, ठरावाचे शेवटी काय झाले?

सिंहगड रस्ता :
ठराव बदलून घेतला. भाडेकरू कोणीही असो, त्याची पोलिसांकडे नोंद झाल्याशिवाय ना-हरकत पत्र द्यायचे नाही. तपासले तेव्हा अकरा सदनिकांची नोंद नव्हती आणि त्यांपैकी बहुतेकांत आयटीतील मुले राहतात. त्यांचे घरमालक आता माझ्यावर रुसले आहेत. वाट रात्री दहानंतर बंद असते. कुलूप लावणारा आमचा सुरक्षारक्षक आसामचा आहे, आणि त्याचे कागद मी अजून पाहिलेले नाहीत.