संलयन भट्टीतून कार्बन हद्दपार करणे योग्य होते का?

धागाकर्ता (नाशिक रोड):
माझ्या मते योग्यच होते. इंग्लंडमधील जेट या टोकामॅकच्या, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढणाऱ्या वलयाकार संलयन भट्टीच्या, आतल्या भिंतीला पूर्वी कार्बनच्या फरशा होत्या. तप्त हायड्रोजन या फरशांशी संयोग पावून हायड्रोकार्बन वायू बनवतो आणि तो प्लाझ्मापासून (भट्टीतल्या अतितप्त, विद्युतभारित वायूपासून) दूर, थंड आणि आडोशाच्या सांदीकोपऱ्यांत जाऊन लेपासारखा बसतो. या लेपात इंधनही अडकते. १९९७ च्या प्रयोगांत जेटमध्ये सुमारे ३५ ग्रॅम ट्रिटियम (इंधन म्हणून वापरला जाणारा किरणोत्सारी हायड्रोजन) सोडले होते; सफाईनंतरही त्यातले काही ग्रॅम आतच राहिले. २०११ मध्ये बेरिलियम व टंगस्टनची भिंत बसवल्यावर हे अडकणे दहापटींहून अधिक घटले.

अंबड एमआयडीसी, धातुकाम:
मला हे एकांगी वाटते. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळते, तर कार्बन वितळत नाही, त्याची थेट वाफ होते. म्हणून अचानक उष्णतेचा लोट आला तरी फरशीवरून थेंब ओघळत नाहीत. शिवाय कार्बनचा अणुक्रमांक ६ आणि टंगस्टनचा ७४, त्यामुळे टंगस्टनचा अंशही प्लाझ्माच्या गाभ्यात शिरला तर तो उष्णता किरणांच्या रूपात बाहेर फेकतो. जर्मनीतील वेंडेलस्टाइन ७-एक्स या संलयन यंत्राने ग्रॅफाइटच्याच, म्हणजे कार्बनच्याच, डायव्हर्टरवर (प्लाझ्माची उष्णता व कचरा झेलणाऱ्या भागावर) उत्तम निकाल दिले आहेत. लेप बसतो तर तो ऑक्सिजनमध्ये तापवून जाळून टाकावा.

एकलहरे, निवृत्त बॉयलर कर्मचारी:
आमच्याकडे नळ्यांवरची काजळी सूट ब्लोअरने, चालू बॉयलरमध्येच, वाफेच्या झोताने उडवत असत. काजळी म्हटली की मला तेच आठवते, पण इथे ती तुलना लंगडी पडते. ऑक्सिजन आत सोडला की भिंतीच्या इतर भागांचेही ऑक्सिडीकरण होते, आणि जळलेल्या लेपातून ट्रिटियमयुक्त पाणी निघते; ते हाताळणे वायू हाताळण्यापेक्षा अवघड. पापुद्रे सुटले तर किरणोत्सारी धूळ, वेगळीच.

धागाकर्ता:
अंबडकरांचे वेंडेलस्टाइनचे उदाहरण नीट पाहावे, कारण ते यंत्र ट्रिटियम वापरतच नाही. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे असल्याने त्याचा दीर्घ साठा राहत नाही, आणि १००० मेगावॅट संलयनशक्ती वर्षभर सलग चालवायची तर सुमारे ५५ किलो ट्रिटियम जळते. एवढे इंधन भट्टीने स्वतःच लिथियमपासून निर्माण करायचे असते. अशा काटेकोर हिशेबात प्रत्येक अडकलेला ग्रॅम जाचतो. म्हणूनच फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या आयटर या आंतरराष्ट्रीय संलयन प्रकल्पाने २०१३ मध्ये कार्बनचा डायव्हर्टर सोडला.

अंबड एमआयडीसी, धातुकाम:
वेंडेलस्टाइनचा मुद्दा मान्य, मी ते लक्षात घ्यायला हवे होते. मात्र आयटर आता बेरिलियमऐवजी संपूर्ण टंगस्टनची भिंत बसवणार आहे, आणि ऑक्सिजन रोखण्यासाठी तिच्यावर बोरॉनचा पातळ लेप देण्याची योजना आहे. बोरॉनचा लेपही ट्रिटियम धरून ठेवतो. मग कार्बनला बाहेर काढून तेच दुखणे थोड्या प्रमाणात परत आणले नाही का?