नवजाच्या रानातला लाल पोटाचा पक्षी क्वेट्झलचा भाऊबंद आहे का?

मोरणाकाठ:
लेकीला शाळेत एका देखण्या पक्ष्यावर बोलायचंय. तिनं क्वेट्झल निवडला, मध्य अमेरिकेतला हिरवा, लांब पिसांचा पक्षी. तिनं फोटो दाखवला आणि मी चमकलोच. गेल्या फेब्रुवारीत कोयनेजवळच्या नवजा गावाच्या वरच्या अंगाला, आमच्या चुलत्यांच्या रानात, अगदी असाच ताठ बसलेला पक्षी पाहिला होता. डोकं काळं, छातीवर पांढरा पट्टा, पोट लालभडक. हिरवा रंग मात्र नव्हता आणि ती झुलणारी लांब पिसंही नव्हती. बराच वेळ जागचा हलला नाही. हे नात्यातले आहेत का? लेकीला चुकीचं सांगायचं नाही.

रानवाट:
तुम्ही पाहिलात तो कर्णा नावाचा पक्षी, त्यातला नर. मादीचं पोट मातकट पिवळं असतं. नातं आहे, दोघेही ट्रोगॉन कुळातले.

अजिंक्यतारा_पहाट:
नातं पायात बघा. या कुळात पायाचं पहिलं आणि दुसरं बोट मागं वळलेलं असतं. ही ठेवण दुसऱ्या कुठल्याच पक्ष्यांत नाही. लेकीला हे नक्की सांगा.

मुलगा अमेरिकेत असतो, त्याच्यामुळं मला कोस्टा रिकात क्वेट्झल बघायला मिळाला. मार्च महिना, सान हेरार्दो दे दोता नावाचं खोरं. आपलं महाबळेश्वर साधारण 1350 मीटरवर, हे त्याच्याही पुष्कळ वर, आणि थंडी अशी की स्वेटरवर कानटोपी. पहाटे रानटी अवाकाडोच्या झाडाखाली उभे राहिलो. तो पक्षी ते छोटं फळ अख्खं गिळतो आणि बी नंतर बाहेर टाकतो, म्हणजे त्या झाडांची पेरणीच तो करतो. उजाडता उजाडता नर वर उठला, झाडांच्या शेंड्यांवरून गोल घिरटी घेतली आणि ओरडत खाली सूर मारला. ती हिरवी पिसं मागून लाटेसारखी येत होती. ती खरी शेपूट नव्हे बरं का, शेपटीवरची झाकणपिसं आहेत, अंगापेक्षाही लांब. माझे डोळे भरून आले, खरं सांगतो.

त्याच वेळी मला कोयनेचा कर्णा आठवला. आपला गडी सावलीत राहणारा. चाहूल लागली की तपकिरी पाठ आपल्याकडं करून बसतो, लाल रंग दिसूच देत नाही. तुम्हाला पोट दिसलं हे तुमचं नशीब!

पण मला या दोघांत सगळ्यात जवळचं वाटतं ते घरटं. दोघांनाही कुजकं, भुसभुशीत खोड लागतं. नर-मादी मिळून चोचीनं पोखरतात आणि दोघंही अंडी उबवतात. क्वेट्झलचा नर बहुतेक दिवसाची पाळी करतो, मादी रात्रीची. धडधाकट झाड त्यांच्या चोचीला दाद देत नाही.

मोरणाकाठ:
काका, हे वाचून पोटात गोळा आला. तो पक्षी बसला होता तिथंच हिरड्याचं वठलेलं खोड आहे, बोटानं भुगा पडतो. वाडीतल्या पोरांनी ते होळीसाठी हेरून ठेवलंय.

अजिंक्यतारा_पहाट:
होळी आणि कर्ण्याची वीण एकाच हंगामात येते. वीण फेब्रुवारी ते मे. ते खोड वाचवाच. पोरांना गोवऱ्या द्या, वाळलेल्या फांद्या द्या, पण खोडाला हात नको. आणि फोटोसाठी सारखं तिकडं जाऊ नका, लांबूनच बघा.

रानवाट:
अनुमोदन. वठलेलं झाड वाया गेलं असं आपल्याकडं सगळेच धरतात, आमच्या घरीही.

मोरणाकाठ:
चुलत्यांशी बोललो. ते म्हणाले, दोन भारे काटक्या मी देतो, खोड राहू दे. लेकीनं आता विषय बदललाय, ती कर्ण्यावरच बोलणार आहे. क्वेट्झल त्याचा लांबचा पाहुणा म्हणून येईल.