मुदत महिन्यावर आलेले नूडल्स निम्म्या किमतीत: घ्यावेत का?

हिशेबनीस:
मॉलच्या कोपऱ्यातल्या रॅकवर किंवा दुकानाच्या गल्ल्यासमोर मुदत जवळ आलेले नूडल्स ४०-५० टक्के सवलतीत मिळतात. माझं मत: बिनधास्त घ्यावेत. बेस्ट बिफोर म्हणजे त्या रात्री बारा वाजता माल नासतो असं नव्हे. जपानमध्ये २०१४ साली पाकिटातल्या नूडल्सची मुदत ६ वरून ८ महिने आणि कपातल्यांची ५ वरून ६ महिने केली गेली, तीही चाचण्या करून. म्हणजे आधीच्या तारखेत भरपूर ऐस-पैस जागा होतीच ना? स्वस्त माल मिळतोय तर तोंड वाकडं कशाला करायचं?

लेबलवाचक:
जपानचा दाखला इथे अर्धाच लागू पडतो. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार उत्पादनाची तारीख आणि 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' छापणं सक्तीचं आहे; 'बेस्ट बिफोर' हवं तर जोडीला छापायचं. बेस्ट बिफोर उलटल्यावर चव-वास उतरलेला असू शकतो, पण पदार्थ खाण्याजोगा असू शकतो. यूज बाय उलटल्यावर मात्र तो विकताच येत नाही. त्यामुळे आधी पाकिटावर कोणता शब्द आहे ते बघा, मग तारीख बघा. 'मुदतीनंतरही चालतं' हा सल्ला परदेशी व्हिडिओंतून उचललेला असतो. मुदतीच्या आत सवलतीत विकणं पूर्ण कायदेशीर आहे, त्याबद्दल दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

तेलकट_सत्य:
तुम्ही दोघंही तारखेवर भांडताय, माझा आक्षेप गोदामावर आहे.

तळलेल्या नूडल्सची वडी आधी वाफवतात, मग साधारण १४०-१६० अंशांवर एक-दोन मिनिटं तळतात. पाणी जवळजवळ उडून जातं, म्हणून बुरशीची भीती कमी. पण त्या जागी तेल शिरतं, वजनाच्या १५-२० टक्के, बहुतेकदा पाम तेल. नूडल्स बिघडतात ते या तेलामुळे: हवा, उष्णता आणि उजेड मिळाला की ते खवट होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की असा बिघाड ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतो. लेबलवरची तारीख 'थंड व कोरड्या जागी ठेवा' या अटीवर दिलेली असते. अकोला-नागपूरकडच्या पत्र्याच्या गोदामात एप्रिल-मे काढलेल्या खोक्याला ती तारीख कशी लागू होणार? कोकणात दुखणं वेगळं. तिथे दमट हवा पाकिटाच्या सुटलेल्या शिवणीतून आत शिरते.

म्हणून मुदत महिन्यावर आलेला माल जूनमध्ये घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जानेवारीत घ्या, हरकत नाही. कप नूडल्स तर सवलतीत नकोतच. कपाचं झाकण आणि कागद पाकिटाच्या फिल्मइतकी हवा-ओल अडवत नाहीत, सुक्या भाज्याही तपकिरी पडतात. गरम हवेत वाळवलेले, न तळलेले नूडल्स मात्र बेलाशक घ्या, त्यांत तेल फारच कमी असतं.

गल्ल्यामागून:
गोदामाचा मुद्दा मान्य, पण सवलतीचा माल म्हणजे तापलेला माल असं समीकरण मांडू नका. ऑनलाइन विक्रेत्यांनी ग्राहकाच्या हाती माल देताना ३० टक्के मुदत किंवा एक्स्पायरीआधी ४५ दिवस शिल्लक ठेवावेत, असं एफएसएसएआयने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावलं. त्या रेषेखाली गेलेला माल कुठेतरी निघणारच, आणि तो एसी गोदामातलाही असू शकतो.

आयात कोरियन नूडल्सचं गणित तर निराळंच. सीमाशुल्कातून सुटताना ६० टक्के मुदत किंवा एक्स्पायरीपर्यंत तीन महिने, यांतलं जे कमी ते शिल्लक असलं की पुरतं. वर्षाची मुदत असलेला माल नऊ महिने जुना होऊन बंदरावर उतरला तरी नियमात बसतो. मग वितरक, मग दुकान. दुकानात पोचतो तोच सवलतीच्या वयात! तो स्वस्त आहे म्हणजे कोणी नाकारलाय असं नाही.

हिशेबनीस:
तेलकट_सत्य, महिना बघून खरेदी करा म्हणणं जरा अतीच आहे. एक पाकीट घ्या, फोडा, वडीचा कोपरा मोडून हुंगा. जुन्या तेलाचा किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर विषय संपला. शंका असेल तर थोडे उकळा, वाफेत खवटपणा जास्त कळतो. मसाल्याची पुडी चिमटीत दाबा: भुगा मोकळा असेल तर ठीक, दगडासारखी गाठ असेल तर आत ओल गेलीय. वडी नुसती चुरली असेल तर तो बिघाड नव्हे, चुरा फक्त लवकर शिजतो.

खोकं घेण्याआधी तोंडी हिशेब करा. मुदत ४५ दिवस, घरात आठवड्याला दोन पाकिटं, म्हणजे साधारण १२ संपतील. ४० टक्के सवलतीत २० घेतली तर पैसे १२ पाकिटांच्या छापील किमतीइतके. उरलेली ८ फेकली की सवलत शून्य.

तेलकट_सत्य:
एक पाकीट हुंगून खोक्याचा निकाल लागत नाही. भिंतीला टेकलेली, उन्हाच्या बाजूची पाकिटं आधी बिघडतात. हुंगायचंच तर वरचं एक, तळातलं एक असं हुंगा. आणि खवट निघालं तर पहिलं उकळीचं पाणी ओतून देण्याची युक्ती करू नका, बिघडलेलं तेल वडीच्या आत मुरलेलं असतं. घरी आणलेली पाकिटं साबण, अगरबत्ती, डांबर गोळ्यांजवळ ठेवू नका. तो वास फिल्ममधून आत जातो आणि मग दोष तारखेला दिला जातो.

लेबलवाचक:
आणि हुंगण्याआधी छपाई बघा. खोक्यावरचा बॅच नंबर आतल्या पाकिटावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. तारखेच्या जागी फिल्म धुरकट किंवा खरवडलेली दिसली, किंवा बाकीच्या ओळीपेक्षा छपाईचे ठिपके वेगळे वाटले, तर आधीची तारीख पुसलेली असू शकते. आयात मालावर आयातदाराचा पत्ता, परवाना क्रमांक, एमआरपीचा स्टिकर असणारच, त्याला घाबरायचं कारण नाही. तो मूळ तारखेवर चिकटवलेला असेल तर मात्र पाकीट खाली ठेवा. कोरियन छपाईत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असतो, उलटं वाचू नका. खाडाखोड दिसली तर फोटो आणि बिल घेऊन एफडीएकडे (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे) किंवा एफएसएसएआयच्या फूड सेफ्टी कनेक्ट या ऑनलाइन तक्रार सेवेवर तक्रार करता येते. बिलाशिवाय दिलेली सवलत असेल तर मी तरी हात लावणार नाही, मग वास कितीही ताजा येवो.