४०० मीटरचा कॉलनी रस्ता आणि दोन्ही बाजूंचे पदपथ: अंदाजपत्रक कुठून सुरू करायचं?

इंदिरानगर_गल्ली:
नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये इंदिरानगर भागातल्या १२ मीटर रुंद डीपी (शहराच्या विकास आराखड्यातल्या) रस्त्याबद्दल विचारतोय. लांबी ४०० मीटर, खालच्या टोकाला नाला. जुन्यावर नवं असे डांबराचे तीन थर चढले आहेत आणि बऱ्याच सोसायट्यांची फाटकं आता रस्त्याच्या खाली गेली आहेत. पाऊस जोरात आला की पाणी पार्किंगमध्ये शिरतं. पदपथ म्हणावा असा नाहीच, चालणारे सगळे रस्त्यावर. प्रभागातून साधारण १ कोटीच्या निधीची चर्चा आहे. रहिवासी मंडळाला नुसता अर्ज न देता नीट मागणी मांडायची आहे. काँक्रीट मागावं की डांबर? कुठल्या बाबी इस्टिमेटमध्ये सुटतात? आणि १ कोटीत हे बसतं का?

जुना_ओव्हरसियर:
काँक्रीट की डांबर हा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्या. आधी लेव्हल काढा. ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावून दर १० मीटरवर मध्य, दोन्ही कडा, प्रत्येक फाटकाचा उंबरा, प्रत्येक ड्रेनेज चेंबरचं झाकण आणि तळ, आणि नाल्याचा तळ. हा एक कागद हातात असला की निम्मं इस्टिमेट आपोआप ठरतं.

हिशोब असा. १२ मीटरमध्ये ७ मीटर रस्ता. उरलेल्या ५ मीटरचे दोन भाग, प्रत्येकी २.५ मीटर: ०.१५ कर्ब (कडेचा उभा दगड), ०.५५ झाडं आणि खांबांची पट्टी, १.८ मीटर मोकळा पदपथ. आयआरसी १०३ (इंडियन रोड्स काँग्रेसची पदपथांची मार्गदर्शिका) मध्ये निवासी भागासाठी किमान मोकळी रुंदी १.८ मीटरच आहे, त्यात खांब, विजेचा डीपी बॉक्स, कुंडी काही येता कामा नये. कर्ब १५० मिमी उंच. पट्टी आणि पदपथाला रस्त्याकडे १:५० उतार दिला तर २.३५ मीटरला ४७ मिमी. म्हणजे फाटकाचा उंबरा रस्त्याच्या कडेपेक्षा साधारण २०० मिमी वर हवा. रस्त्याला २.५ टक्के कॅम्बर (मध्यापासून कडेकडे उतार), म्हणजे मध्य कडेपेक्षा ८७ मिमी उंच. तुमची फाटकं आत्ताच खाली आहेत, तेव्हा रस्ता किमान २५० मिमी तरी खाली न्यावा लागेल असं धरून चाला. नेमका आकडा लेव्हलच सांगतील.

आता खरी मेख. खाली काळी माती असेल तर सीबीआर (मातीच्या भार पेलण्याच्या ताकदीचं माप) २-३ टक्क्यांच्या आसपास मिळतो. त्यावर ३०० मिमी कठीण मुरूम, २०० मिमी जीएसबी (खडीचा खालचा थर), २५० मिमी डब्ल्यूएमएम (ओल्या मिश्र खडीचा थर, १२५ चे दोन), ५० मिमी डीबीएम (डांबर-खडीचा खालचा थर) आणि ३० मिमी बीसी (डांबरी वरचा थर) असा पोत, म्हणजे थरांची रचना, धरला तर ८३० मिमी होतो. त्यात खाली नेलेले २५० मिळवा. आजच्या पातळीपासून १०८० मिमी खोल बॉक्स (थरांसाठी खणलेली जागा)! जुनी पाण्याची लाइन साधारण ९०० मिमीवर असते, ती सरळ बॉक्सच्या मधोमध उघडी पडते. ती बदलायची बाब इस्टिमेटमध्ये नसेल तर काम तिथेच थांबतं, लाइन तशीच मुरमात दाबली जाते आणि वर्षभरात गळती लागून नवा रस्ता खचतो. म्हणून वाहिनी आधी पदपथाखाली सरकवायची, घरगुती जोडण्यांसकट. जोडण्या मोजून द्या, अंदाजाने नको.

परिमाणं (खालच्या थरांसाठी ७.५ मीटर रुंदी, म्हणजे ३००० चौमी): खोदाई ३२४० घनमीटर. माती फुगते, १.३ ने गुणा, म्हणजे ४२०० च्या वर, हायव्यात (मोठ्या डंपरमध्ये) १४ घनमीटर धरले तर ३०० खेपा. टाकायची जागा किती किलोमीटरवर हे इस्टिमेटमध्ये लिहिलेलं हवं, हे अंतर (लीड) बदललं की रक्कम बदलते. मुरूम ९०० घमी, जीएसबी ६००, डब्ल्यूएमएम ७५०, सगळे दाबून झालेले. डांबरी थर ७ मीटरवर: डीबीएम १४० घमी म्हणजे ३३० टनांच्या आसपास, बीसी ८४ घमी म्हणजे साधारण २०० टन. दोन्हींत मिळून डांबर २६ टनांच्या घरात जातं.

एक सांगणं. टेस्ट पिट न घेता हा पोत मागू नका. दर १०० मीटरला एक खड्डा, १.५ मीटर खोल. जुना पाया चांगला निघाला आणि लेव्हल जुळत असेल तर नुसतं मिलिंग करून (मशिनने जुना थर खरवडून) तेवढाच थर परत टाकता येतो, खर्च कितीतरी खाली येतो. तुमच्याकडे २५० खाली जायचंय म्हणून ते जमेल असं वाटत नाही, पण शेजारच्या गल्लीला जमू शकतं. मिलिंगचा माल वेगळा ठेवून त्याची वजावट इस्टिमेटमध्ये दाखवायला सांगा.

पाईप_आणि_उतार:
वर पोताचं सगळं आलं, पण पाणी राहिलं. तुमच्याकडे मूळ दुखणं तेच आहे.

रस्ता आणि दोन्ही बाजूंचे २०-२० मीटर खोल प्लॉट धरले तर क्षेत्र २.०८ हेक्टर. वाहून येणारा वाटा ०.८ आणि पाऊस तासाला ६० मिमी धरला तर ०.८ × ६० × २.०८ ÷ ३६० = सेकंदाला ०.२८ घनमीटर. ४५० मिमीचा पाईप १:२०० उताराला जेमतेम ०.२० नेतो. ६०० मिमी १:४०० उताराला ०.३० नेतो. म्हणजे ६०० मिमी, एनपी३ (सळईच्या काँक्रीट पाईपचा भक्कम वर्ग) आणि उतार १:४०० पेक्षा सपाट नको. १:५०० ला तोच पाईप कमी पडतो. ४०० मीटरला १ मीटर पडणी लागते. नाल्याचा तळ तेवढा खाली आहे का ते पाहा. नाला भरून वाहताना त्याची पातळी तुमच्या पाईपच्या तोंडावर गेली तर पाणी उलटं चढेल, म्हणून पुराची खूण पाहूनच तोंडाची पातळी ठरवा.

पाईप २.५ मीटरचे, १६० नग. चर १.२ रुंद आणि सरासरी १.६ खोल म्हणजे ७६८ घनमीटर. नाशिकच्या जमिनीत वर माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. पाषाण लागला की गल्लीत सुरुंग चालत नाही, पोकलेनला ब्रेकर लावावा लागतो आणि दर मातीच्या कितीतरी पट होतो. ७६८ पैकी ४० टक्के पाषाण निघाला तर ३०७ घमी त्या दरात जातात. इस्टिमेटमध्ये सगळं ‘मऊ मुरूम’ लिहिलं असेल तर वाढीव बाब म्हणून फाइल परत फिरते आणि चर उघडा राहतो. टेस्ट पिटमध्ये दिसलेले थर फोटोसकट इस्टिमेटला जोडायला लावा. कंपाउंड भिंतीलगतचा चर एका वेळी १२-१५ मीटरच उघडायचा, नाहीतर भिंत बसते.

कॅच पिट (रस्त्याचं पाणी घेणारे जाळीचे खड्डे) दर २५ मीटरला, दोन्ही बाजूंनी १६-१६, शिवाय सखल जागी एकेक जास्त. जाळी कर्बच्या तोंडाशी, रस्त्याच्या कडेपेक्षा २० मिमी खाली. समोरच्या बाजूचे पिट २५० मिमी पाईपने आडवे जोडायचे. हे आडवे पाईप आणि केबल, गॅस, फायबरसाठी दर ५० मीटरला २०० मिमीची रिकामी डक्ट जीएसबी पडण्याआधीच टाकायची. नंतर रस्ता फोडायला कुणाला कारणच उरू नये. महावितरण, महाराष्ट्र नॅचरल गॅस आणि फायबरवाल्यांना कामाआधी लेखी विचारायला हवं, निदान तीन महिने आधी.

आणि एक बाब जवळजवळ प्रत्येक शहरी इस्टिमेटमध्ये सुटते. जीएसबी हा निचऱ्याचा थर आहे, पण दोन्ही बाजूंना कर्बचं काँक्रीट आलं की पाणी जाणार कुठे? बॉक्सची बादली होते, खाली काळी माती फुगते आणि दुसऱ्या पावसाळ्यात कडेने भेगा येतात. कर्बलगत जीएसबीच्या तळाला १०० मिमीचा छिद्रांचा पाईप जिओटेक्स्टाइलमध्ये (पाणी सोडणाऱ्या, माती अडवणाऱ्या कापडात) गुंडाळून टाका आणि प्रत्येक कॅच पिटला जोडा. दोन्ही बाजूंनी मिळून ८०० मीटर. एकूण कामाच्या मानाने खर्च किरकोळ, पण हा नसेल तर वरच्या ३३० टन डीबीएमचा भरवसा नाही.

इंदिरानगर_गल्ली:
खूप आभार. पदपथावर पेव्हर ब्लॉक मागायचे ना? शेजारच्या रस्त्यावर दोन वर्षांत सगळे हलले आहेत. आणि पैशांचं कोणीतरी सांगा.

जुना_ओव्हरसियर:
ब्लॉक चालतात, हलतात ते खालच्या कामामुळे. १४४० चौमी पदपथ आहे. खाली दाबलेला मुरूम, मग १०० मिमी पीसीसी (साधं काँक्रीट), मग ३० मिमी वाळूचा थर आणि ६० मिमी ब्लॉक. फाटकासमोर, जिथे गाडी चढते, तिथे ८० मिमी. थराला धुतलेली क्रश सँड हवी. क्रशरची भुकटी टाकली की ती पाणी धरून ठेवते आणि ब्लॉक डुलायला लागतात. दोन्ही कडा कर्ब किंवा काँक्रीटच्या पट्टीने बांधलेल्या हव्यात, नाहीतर शेवटची ओळ सरकते आणि मागची सगळी सैल होते. चेंबरभोवती ब्लॉकचे तुकडे बसवू नका, तिथे काँक्रीटची चौकट.

फाटकाशी पदपथ खाली उतरवायचा नाही. उतार कर्ब आणि पट्टीच्या ०.७ मीटरमध्ये संपवा, पदपथ सलग एका पातळीत राहू दे. दर फाटकाला चढ-उतार आला की म्हातारी माणसं आणि व्हीलचेअर परत रस्त्यावर येतात, मग १४४० चौमीचा उपयोग काय? चौकात मात्र १:१२ चा उतार हवा, १५० मिमीसाठी १.८ मीटर. झाडांभोवती काँक्रीट नको, मीटरभर माती मोकळी.

काँक्रीटचं: ७ मीटरवर २०० मिमी म्हणजे ५६० घनमीटर, ६ घमीच्या मिक्सरच्या ९४ खेपा. दर ४.५ मीटरला सांधा, तोही त्याच दिवशी कापायला हवा. उशीर झाला की स्लॅब स्वतःच्या मर्जीने तडकतो. खालच्या सगळ्या वाहिन्या नव्या झाल्या असतील तरच काँक्रीट घ्या. नसतील तर डांबर बरं, ते फोडून नीट जोडता येतं.

निविदा_टेबल:
१ कोटीचं आधी स्पष्ट करून घ्या, सर्व करांसह की कराशिवाय? जीएसटी १८ टक्के, कामगार कल्याण उपकर १ टक्का, अनपेक्षित खर्चाला ५ टक्के धरले तर १ कोटीतून प्रत्यक्ष काम साधारण ८० लाखांचं होतं. त्यातूनच चाचण्या आणि खांब हलवण्याची रक्कमही जाते.

मंडळाने दर शोधत बसू नये. वर आलेली परिमाणं, लेव्हलचा नकाशा आणि टेस्ट पिटचे फोटो द्या. दर शासनाच्या चालू दरसूचीतून विभागाचे अभियंते लावतात. मागणी डिसेंबरच्या आत द्या, पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात तरतूद तेव्हाच बसते. तरतूद, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, ई-निविदा, कार्यारंभ आदेश हा क्रम आहे. आदेश मार्चमध्ये निघाला तर मे अखेर ४०० मीटरचा बॉक्स पूर्ण होत नाही. पावसात उघडा राहिलेला बॉक्स म्हणजे काळ्या मातीचा चिखल, मुरूम पुन्हा टाकावा लागतो. आदेश ऑक्टोबरमध्ये निघेल असं बघा. सिंहस्थाच्या कामांमुळे प्लांट आणि मशिनरी व्यग्र असणार, तेवढी ढील ठेवा. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ १० अंशांच्या खाली जाते, तेव्हा डांबर दुपारीच टाका: माल पसरताना १४० अंश, रोलिंग माल ९० अंशांच्या खाली जाण्याआधी पूर्ण.

निविदा खूप कमी दराने आली तर लक्ष खालच्या थरांवर ठेवा, कपात तिथेच होते. जीएसबी आणि डब्ल्यूएमएमची घनता ९८ टक्के आल्याचा अहवाल मिळाल्याशिवाय पुढचा थर टाकू नये, ही अट निविदेतच हवी. मोजमाप पुस्तिकेची प्रत माहिती अधिकारात मिळते, प्रत्येक बिलानंतर मागा.

इंदिरानगर_गल्ली:
८० लाखांत पूर्ण ४०० मीटर होईल असं आता वाटत नाही. मग आधी पूर्ण लांबीला फक्त डीबीएमपर्यंत करून बीसी पुढच्या वर्षी टाकावा का?

पाईप_आणि_उतार:
तसं करू नका. डीबीएममधून पाणी झिरपतं, एक पावसाळा उघडा राहिला की डब्ल्यूएमएम भिजतो आणि पुढच्या वर्षी खड्डे बुजवण्यातच पैसे जातात. लांबी कमी करा, थर नको. नाल्याच्या टोकापासून सुरू करून वर या. पहिल्या २०० मीटरमध्ये पाईप, कॅच पिट, डक्ट, पाण्याची लाइन, पोत, दोन्ही पदपथ, सगळं बीसीसकट पूर्ण. पाईप मात्र ६०० मिमीच टाका, कारण वरच्या २०० मीटरचं पाणीही उद्या त्यातूनच जाणार. वरून सुरुवात केली तर पाईपचं तोंड कुठेच उघडणार नाही आणि खालच्या फाटकांत आत्तापेक्षा जास्त पाणी जाईल. दुसऱ्या टप्प्याच्या लेव्हल आणि पहिल्याच्या शेवटच्या चेंबरचा तळ आत्ताच एकाच नकाशावर ठरवून त्याला तांत्रिक मान्यता घ्या, म्हणजे पुढचा ठेकेदार वेगळा आला तरी उतार तोच राहील.