समावेश, समावेशन की सामावून घेणं?

ऐरोलीकर
आमच्या सरकारी रुग्णालयात (नाव राहू दे) कर्मचाऱ्यांसाठीच्या धोरणाचा मराठी मसुदा माझ्या गळ्यात पडलाय. विषय 'विविधता आणि समावेशन'. 'विविधता'वर कुणी अडत नाही. 'समावेशन' मात्र कुणाच्या तोंडी नाही. शब्द बरोबर आहे का? 'सर्वसमावेशकता' घालू का?

जुना लेखनिक
शब्द बरोबर, जागा चुकीची. सरकारी कागदात 'सेवेत समावेशन' म्हणजे बाहेरच्या माणसाला कायम आस्थापनेवर घेणं. 'समायोजन' त्याचाच सख्खा भाऊ. राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी याच मागणीसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढतायत, मार्च २०२४ चा समायोजनाचा शासन निर्णय त्यांना तोंडपाठ आहे. फळ्यावर 'कर्मचारी समावेशन धोरण' लागलं, की दुपारच्या आत कंत्राटी सिस्टर आणि लॅबवाले आस्थापनेच्या दारात: "साहेब, यादीत आमचं नाव आहे ना?" काय सांगणार त्यांना?
'सर्वसमावेशकता' भाषणापुरती ठीक.

व्युत्पत्तीवाला
'समावेश'मध्ये 'विश्' धातू आहे, 'प्रवेश'मधला. यादीत नाव शिरलं की समावेश झाला. 'सामावणे' दिसायला जवळचं, पण ते 'मावणे'च्या गोतातलं, 'आनंद गगनात मावेना'मधलं. तिथे जागा होणं महत्त्वाचं. ठाणे लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी तिघांना सरकावं लागतं, तसं. तेव्हा क्रियापदच वापरा: सामावून घेणे.

ऐरोलीकर
पण 'सामावून घेतलं' यात उपकाराचा वास येत नाही का? घेणारे आम्ही, येणारे ते.

वॉर्डातली
येतोच. पण शीर्षकावर एवढा काथ्याकूट करण्यापेक्षा वॉर्डात कोण कुणाला काय म्हणतं ते ऐका. चोवीस वर्षांची पोरगी आया म्हणून लागली की पहिल्याच पाळीला तिची 'मावशी' होते. पन्नाशीचे डॉक्टरही तिला "मावशी, बेडपॅन" म्हणतात. वॉर्डबॉय 'मामा'. ऐकायला घरगुती वाटतं, पण हे नातं वयाचं नाही, पदाचं आहे. डॉक्टरला कुणी काका म्हणत नाही. आमच्याकडच्या एका मावशीने बिल्ल्यावरचं नाव बोटाने दाखवून "हे वाचा" म्हटलं, तेव्हा वॉर्डात हशा पिकला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.
पुरुष नर्सचं आणखी वेगळंच. तोंडी 'ब्रदर', कागदावर 'अधिपरिचारक'. जिल्हा परिषदेत 'परिचर' म्हणजे शिपाई, त्यामुळे नव्या माणसाला ते पदनाम त्याच पंगतीतलं वाटतं.
उद्या तृतीयपंथी सहकारी रुजू झाली तर? २०१९ साली तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या कायद्याने आपली लिंगओळख आपण सांगायचा हक्क मान्य केला, आणि आमच्या अर्जावर अजून श्री./श्रीमती एवढंच. मसुद्यात एक साधी ओळ टाका: ज्याला जे संबोधन हवं ते त्याला विचारून वापरावं.

व्युत्पत्तीवाला
नाव देताना मराठी अडते असं मात्र नाही. 'स्तनपान कक्ष' कुणाला आठवला नसता, 'हिरकणी कक्ष' रायगडाच्या गोष्टीमुळे सगळ्यांना कळतो.

वॉर्डातली
कळतो, पण बहुतेक ठिकाणी तो बाहेरून येणाऱ्या मातांसाठी ओपीडीजवळ. बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली सिस्टर लेबर रूम सोडून तिथवर कधी जाणार? पन्नास किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला पाळणाघर लागतं, हे २०१७ साली मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने आलं. तेही लिहा.

जुना लेखनिक
शीर्षकासाठी एक सुचवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २१ प्रमाणे आस्थापनेने 'समान संधी धोरण' जाहीर करायचंच असतं. शब्द रुळलेला, उपकाराची भाषा नाही आणि कायम होण्याची खोटी आशाही नाही. मूळ तरतूद दिव्यांगांपुरती आहे. तुम्ही तिची कक्षा वाढवा आणि पहिल्याच परिच्छेदात ते स्पष्ट करा. आणि 'अपंग' शब्द जुन्या नमुन्यातून उचलू नका. त्या नमुन्यांत आरक्षणही १९९५ च्या कायद्याचं, तीन टक्के, असेल. आता ते चार टक्के आहे.

ऐरोलीकर
'समान संधी धोरण' पक्कं. 'सामावून घेणे' आत, पण फक्त जिथे कोण सरकणार हे लिहिता येईल तिथे: "रात्रपाळीचा तक्ता लावणाऱ्याने दिव्यांग आणि गरोदर कर्मचाऱ्यांना आधी विचारावे." मावशींच्या नावाचं कलम मेट्रनना दाखवतो. त्या काय म्हणतात ते इथे टाकेन.